रत्नाबाईंचा अंगठा

चिकपेटेत साड्यांच्या दुकानांमागे एक गल्ली आहे. तिथे समोरासमोर दोन माणसं आली, की एकाला भिंतीला चिकटावं लागतं. त्या गल्लीत विठोजी अण्णांचं होळिगेचं दुकान. होळिगे म्हणजे आपली पुरणपोळीच. पण अण्णांच्या घराण्याला बंगळुरात येऊन साडेतीनशे वर्षं होऊन गेली, तेव्हा पाटीवर कन्नडमध्ये होळिगे आणि घरात मराठीत पोळी, असा कारभार चालायचा. दुकान अण्णांचं, गल्ल्यावर अण्णा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायला अण्णा. आणि पुरण रत्नाबाईंचं.

रत्नाबाई या अण्णांच्या धाकट्या भावाची बायको. तेहतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आल्या आणि चौथ्या दिवशी पुरणाला लागल्या. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला, तर चौदाव्या दिवशी पुन्हा शेगडीपाशी. जा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, आणि बस म्हणूनही कोणी म्हणालं नाही. त्यांचं पुरण असं, की पेठेतल्या बायका चाखून म्हणायच्या, "रत्नाक्का, हे पुरण की लोणी?" रत्नाबाईंना ते आवडायचं. इतकं आवडायचं, की पुरणाला त्या दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. आणि त्याच पुरणाने आपल्याला खाल्लं, असंही त्यांना वाटायचं. माणसाला दोन्ही वाटू शकतं.

सण लोकांचे आणि कंबर रत्नाबाईंची, असा हिशेब. उगादी, म्हणजे आपला पाडवा असो, गौरी असो, दिवाळी असो, लोक देवापुढे बसायचे तेव्हा रत्नाबाई पुरणाच्या यंत्रापुढे उभ्या. एकुलती एक लेक भार्गवी म्हैसूरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण गणपतीच्या दिवसांत आलं. बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. पण माहेरी तेव्हा रोज सातशे पोळ्या चालल्या होत्या, म्हणून भार्गवी सासरीच राहिली. पोरीने तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं; न केलेली तक्रार आईच्या घशात काट्यासारखी अडकून बसली. एक तरी उगादी लेकीकडे जाऊन नुसतं बसायचं, कुणीतरी वाढलेलं खायचं, एवढीच रत्नाबाईंची इच्छा होती. मनातल्या मनात त्या अण्णांशी यावरून हजार वेळा भांडल्या होत्या आणि हजारही वेळा जिंकल्या होत्या. तोंडाने मात्र एक शब्द कधी निघाला नाही.

त्या उगादीला अजून दोन आठवडे होते. मंगळवार, सकाळचे दहा. एका मुंजीची सहाशे पोळ्यांची मागणी होती. पुरणाचं यंत्र विजेवर चालायचं: वर नरसाळ्यासारखं तोंड, आत जाड लोखंडी स्क्रू, पुढे जाळी. डाळ आत ढकलायला लाकडी दट्ट्या असतो, तो रत्नाबाईंनी कधीच फळीवर टाकून दिला होता. त्या बोटांनीच ढकलायच्या. "दट्ट्याला काय कळतंय डाळ शिजली की कचकचीत राहिली ते?" असं म्हणून त्यांनी तीन दट्टे बाद आणि दोन शहाण्या पुतण्यांची तोंडं बंद केली होती. त्या दिवशी डाळीत एक कच्चा दाणा लागला. तो वेचायला बोटं जराशी जास्त खोल गेली, आणि स्क्रूने ती धरली.

ओरडणं ऐकून कोणीतरी बटण बंद केलं. चार बोटं आत गच्च अडकलेली, भोवती गरम पुरण. अंगठा तेवढा बाहेर राहिला. समोरच्या मोटर वाइंडिंगवाल्या रोशनने पान्याने यंत्राचं तोंड मोटरपासून सोडवलं. मग ते सहा किलोचं लोखंड हातात घेऊन, वर टॉवेल गुंडाळून, रत्नाबाई रिक्षात बसल्या. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला पाना घेतलेला रोशन. रस्त्यातला प्रत्येक खड्डा बोटांपर्यंत पोचत होता.

जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात त्यांना पलंगावर घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तिशीच्या आतल्या, केस वर बांधलेल्या. आधी कन्नडमध्ये अडखळत काही विचारलं. रत्नाबाईंच्या तोंडून "आई गं, मेले" ऐकताच तिचा चेहरा उजळला.

"काकू, तुम्ही मराठी? मी मुग्धा, पुण्याची. अजिबात घाबरू नका."

"घाबरू नको तर काय करू गं? हात गेला माझा."

"बोटं वाचतील ना?" अण्णांनी विचारलं. "तिच्या बोटांवर दुकान आहे आमचं, डॉक्टर."

अण्णा घाबरले होते, हे खोटं नव्हतं. पण रत्नाबाईंना त्या वाक्यातलं दुकानच तेवढं ऐकू आलं.

स्क्रू उलटा फिरवल्याशिवाय बोटं सुटणार नव्हती, आणि स्क्रू केसभर हलला तरी रत्नाबाईंचे डोळे पांढरे होत. पूर्ण भूल द्यावी, तर पोटात सकाळचे पोहे. भूल देणारे डॉक्टर वरच्या मजल्यावर मोठ्या ऑपरेशनमध्ये, दोन तास तरी मोकळे होणार नव्हते. मुग्धाने त्यांना फोनवर परवानगी विचारली; पलीकडून नुसतं "हं, बघ" आलं. मग तिने एक चाकांचं सोनोग्राफीचं यंत्र ओढत आणलं.

"हे पोटुशा बायांचं ना?" रत्नाबाईंनी दुखण्यातूनही विचारलं.

"तेच. आज मानेपाशी लावायचंय. हाताच्या सगळ्या नसा इथून, गळ्याच्या हाडाच्या वरून खाली उतरतात. त्यांच्याभोवती औषध सोडलं की अख्खा हात झोपतो. तुम्ही जाग्याच राहाल."

गार जेल, त्यावर यंत्राचा दट्ट्यासारखा तुकडा. रत्नाबाईंनी मान वळवून पडद्याकडे बघितलं. राखाडी धुकं होतं. "हा काळा गोल धडधडतोय ना, ती रक्तवाहिनी. आणि तिच्या शेजारी हा द्राक्षांचा घड दिसतोय? त्या तुमच्या नसा. खाली पांढरी रेघ, ते फुप्फुस; तिकडे मी सुई जाऊ देणार नाही." सुई चमकत आली, घडाच्या कडेला थांबली, आणि औषध सुटलं तसा घड काळ्या पाण्यात तरंगायला लागला. मुग्धा श्वास रोखून पडद्याकडे बघत होती. हात तेवढा स्थिर होता. रत्नाबाईंनी मनात म्हटलं, पोरीच्या बोटांना कळतं.

आधी हात गरम झाला, मग जड, आणि पंधरा मिनिटांत नाहीसाच झाला. रोशनने पाना लावून स्क्रू उलटा फिरवला. बोटं एकेक करून बाहेर आली, रक्ताने आणि पुरणाने माखलेली. अण्णांनी तोंड फिरवलं. रत्नाबाई मात्र शेजारणीचं काम बघावं तशा बघत राहिल्या. तो हात त्यांचा नव्हताच. मनगटातला ठणका, जो कधी सुरू झाला ते त्यांना आठवतही नव्हतं, तोसुद्धा गेला होता. त्यांना हसू आलं. मोठ्याने हसल्या. अण्णांना वाटलं, धक्क्याने डोकं फिरलं.

संध्याकाळपर्यंत हाताचे शल्यविशारद भीमाचार्य यांनी त्याच बधिर हातावर शस्त्रक्रिया केली. एक हाड मोडलं होतं, कातडी फाटली होती, पण चारही बोटं राहिली. "उद्या सकाळपर्यंत हात जागा होईल," ते म्हणाले.

हात पहाटेच जागा झाला. आधी मुंग्या आल्या, मग आग, मग एकेका टाक्याचा वेगळा ठणका. रत्नाबाईंनी अंगठा हलवला; हलला. बँडेजमधून बाहेर आलेली बोटांची टोकंही किंचित वाकली. सगळं होतं जागच्या जागी. त्यांनी देवाला नमस्कार केला, आणि तेवढ्यात बाहेरून अण्णांचा आवाज आला. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नाही नाही, उगादीची मागणी घेऊन ठेव. यंत्र दुसरं कोणी चालवेल, रत्ना बसून चव बघेल, एका हाताने पोळ्याही लाटेल. आहे ती ठीक."

आहे ती ठीक! मेलेल्या घोड्यासाठीसुद्धा लोक तेराव्यापर्यंत थांबतात, असं काहीतरी रत्नाबाईंच्या मनात आलं. पाठोपाठ भीमाचार्य तपासायला आले. म्हणाले, "अंगठा हलवा बघू."

रत्नाबाईंनी हलवला नाही.

ठरवून केलं म्हणावं, तर तसंही नव्हतं. अंगठा हलवायचा राहून गेला, आणि एकदा राहिला तो राहिला. भीमाचार्यांनी सुई टोचली. चादरीखाली रत्नाबाईंच्या पायाची बोटं आखडली, पण तोंडावरची सुरकुती हलली नाही. "काही कळत नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. तेहतीस वर्षांत त्यांनी बोललेलं हे पहिलं सोयीचं खोटं.

बक्षीस लगेच मिळालं. दुपारी भार्गवीचा फोन आला. "आई, आता पुरे. मी शुक्रवारी गाडी घेऊन येते. तू चल माझ्याकडे. हात नाही चालत, मग दुकानात काय करणार आहेस?" अण्णांनीही उगादीची मागणी परत केली, असं कळलं. रत्नाबाई डोळे मिटून पडून राहिल्या आणि म्हैसूरच्या घराचा व्हरांडा आठवत राहिल्या. हात ठणकत होता. ठणकू दे.

पण लबाडी त्यांना धड जमली नाही. चार बोटंच मेल्यासारखी ठेवली असती, तर दोष यंत्रावर गेला असता. रत्नाबाईंनी सगळाच हात मेला करून टाकला. संध्याकाळी भीमाचार्य परत आले, बरोबर मुग्धा. दाराशीच दोघं इंग्रजीत बोलू लागले. रत्नाबाईंचं इंग्रजी दुकानापुरतं, पण तेवढं पुरलं. अंगठा यंत्रात गेलाच नव्हता, मग तो का हलत नाही? दीड दिवस होत आला, औषध एवढं टिकत नाही. म्हणजे सुई नसेत शिरली. वरून माणूस येईपर्यंत थांबायला काय झालं होतं? मुग्धा खाली मान घालून "नो सर, येस सर" करत होती. तिचे कान लाल झाले होते.

त्या रात्री रत्नाबाईंना नीट झोप लागली नाही. अंगठा हलवावा, तर पुन्हा चिकपेट. न हलवावा, तर त्या पोरीचा गळा. स्वतःची समजूत घालायला त्यांनी खूप खटाटोप केला: शिकलेली आहे, तिला कोण काय करतंय? दोन दिवस रागावतील आणि विसरतील. आपण अर्धं आयुष्य काढलं, तिने दोन दिवस काढले तर काय बिघडलं? समजूत पटायची, आणि मग तो स्थिर हात डोळ्यांपुढे यायचा.

गुरुवारी सकाळी मुग्धा एकटीच आली. तेच चाकांचं यंत्र ओढत. डोळे सुजलेले.

"काकू, मला परत बघायचंय. मी सुई कुठे नेली होती ते."

"आता काय दिसणार गं त्यात?"

"नस सुजली असेल तर दिसेल." तिने जेल लावलं. पडदा उजळला, काळा गोल धडधडायला लागला. ती बराच वेळ शोधत राहिली. "सगळं ठीक दिसतंय. काहीच नाही. मग का?" मग एकदम म्हणाली, "मला चौकशी होईपर्यंत सुई हातात घ्यायची नाही म्हणून सांगितलंय. त्याचं काही नाही. पण तुमचा हात मी घालवला असेन, तर..." तुकडा तसाच हातात धरून ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, नाक ओढत. परवा पडद्यापुढे न हललेल्या हातातून तो तुकडा निसटायला लागला.

रत्नाबाईंनी तो तुकडा डाव्या हाताने धरला आणि स्वतःच्याच उजव्या दंडाखाली, कोपराच्या पुढे टेकवला.

"इथे बघ," त्या म्हणाल्या, आणि अंगठा हलवला.

पडद्यावर राखाडी धुक्यात स्नायूचा एक पट्टा सरकला. परत सरकला. मुग्धाने आधी पडद्याकडे बघितलं, मग अंगठ्याकडे.

"कधीपासून?"

"काल पहाटेपासून."

मुग्धाचं रडं जिथल्या तिथे थांबलं. "म्हणजे काल सकाळी सर सुई टोचत होते तेव्हा..."

"कळत होती."

"काकू!" ती ओरडलीच. "तुम्हाला कल्पना आहे मी काय काय सोसलंय? मी आईला फोन करून सांगितलं की मी डॉक्टरकी सोडते! मी काय बिघडवलं होतं तुमचं?"

"काही नाही गं बाई. तू माझं काहीच बिघडवलं नाहीस. तूच एक." रत्नाबाईंना लाज वाटली, इतकी, की चादर तोंडावर ओढून घ्यावीशी वाटली. पण त्या बोलल्या. पुरण, सण, भार्गवीचं बाळंतपण, सगळं उलटसुलट सांगितलं. "हात बरा झाला म्हटलं की मला परत तिथे उभं करतील. म्हणून."

मुग्धाचा राग गेला नाही, पण तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. शेवटी कोरडेपणाने म्हणाली, "मी फाइलमध्ये काय लिहू? आज हलला असं लिहिलं, तरी दोन दिवस का नव्हता, हा प्रश्न माझ्याच गळ्यात राहणार."

"खरं ते लिही. आणि बोलाव तुझ्या सरांना. अण्णा बाहेर आहेत, त्यांनाही बोलाव. एकदाच काय ते सांगते."

भीमाचार्य आले. अण्णा आले, हातात थर्मास. रत्नाबाईंनी सगळ्यांसमोर अंगठा वर केला, वाकवला, सरळ केला.

"हा काल पहाटेपासून हलतोय. मी खोटं बोलले. या मुलीने सुई बरोबर मारली होती, मी पडद्यावर डोळ्यांनी बघितली आहे. तिला कोणी बोल लावायचा नाही."

भीमाचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुग्धाकडे बघून म्हणाले, "सॉरी, डॉक्टर." ते मोठ्या माणसाला न शोभेल इतकं पटकन म्हणाले, त्यामुळे खरं वाटलं.

अण्णांना काहीच कळलं नव्हतं. "हलतोय? मग छान झालं की! खोटं का बोललीस, रत्ना?"

हजार वेळा घोकलेलं भांडण आता ओठांवर आलं. तेहतीस वर्षांचा दारूगोळा होता. रत्नाबाईंनी श्वास भरून घेतला, आवाज चढवला, आणि म्हणाल्या, "कारण मला पुरण करायचं नाही, अण्णा. हात बरा झाला तरी नाही. उगादीला नाही, गौरीला नाही, कधीच नाही. मी भार्गवीकडे जाणार."

आता अण्णा संतापतील. घराण्याचं नाव काढतील, गेलेल्या भावाची आण घालतील. रत्नाबाईंकडे प्रत्येकाला उत्तर तयार होतं.

अण्णांनी थर्मास खाली ठेवला. "सरी, बरं," ते म्हणाले. "जा. कोणी धरलंय?"

रत्नाबाईंनी बँडेजचा हात चादरीखाली ओढून घेतला.

"मागेच मी म्हणालो नव्हतो का, दुकानातल्या त्या भाग्यलक्ष्मीला हाताशी घे, शिकव म्हणून? दोनदा म्हणालो. तू तिला पिठापुरतं ठेवलंस. म्हणालीस, माझ्या पुरणाला दुसरा हात बेडा, नको. मला वाटलं, तुला आवडतं." त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "जरा आधी बोलली असतीस, तर हातही वाचला असता."

हे सगळं खरं होतं. भाग्यलक्ष्मीचं खरं होतं, दोनदा म्हणालेलंही खरं होतं. रत्नाबाईंना अण्णांचा आयुष्यात कधी आला नव्हता इतका राग आला. माणूस ओरडला असता, आडवा आला असता, तर केवढं बरं झालं असतं!

"मग भार्गवीच्या बाळंतपणाला का नाही म्हणालात, जा म्हणून?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी आठवून बघितलं. "तू विचारलंच नाहीस," ते म्हणाले.

मग मात्र रत्नाबाई रडल्या, भीमाचार्यांसमोर, अण्णांसमोर, कोणाची भीडभाड न ठेवता. मुग्धाला वाटलं, सुटका झाली म्हणून रडताहेत, आणि ती राग विसरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. त्या बाळंतपणात झालेला भार्गवीचा मुलगा आता सहा वर्षांचा होता.